यंदा घेतलेले चौघे

...तर त्या डावखुऱ्या पिचरचं म्हणाल, ताई, तर मला तो माणूस पटलेला नाही — मान सरळ ठेवा, रोलर सुटतोय — परवा इथे केस कापायला आला होता, हो, बायकांच्याच दुकानात, सोमवारी आमच्या बानी गावातले न्हावी बंद असतात, तर कॉफीचा कप धरला कुठल्या हातात? उजव्या. डावा सगळा वेळ खिशात. मी विचारलंसुद्धा, थंडी वाजते का म्हणून. बानीत, बारा महिने घाम येतो तिथे, थंडी. नुसता हसला. चेंडू टाकायचा खांदाच गेलाय त्याचा, माझं ऐका, आणि आपल्या बेसबॉल टीमने त्याला घेतला, का, तर मागच्या वर्षी व्हेनेझुएलात बरा खेळला म्हणे. तुमचे यजमान नाहीत ना ते? नाही? सुटले. एवढी चौकशी करताय, मला वाटलं भाड्याचं घर बघायला आलेली कुणा खेळाडूची बायको असाल. माझी जीभ अशी आहे ना — नवरा हिलाच कंटाळून डोंगरापलीकडे सांतियागोला गेला, मी त्याला दोष देत नाही, मलाच कधीकधी जावंसं वाटतं.

आणि तो नवा कॅचर. चेंडू झेलायला खाली बसला की उठेपर्यंत डाव संपतो. कागदावर एकोणतीस. अहो, माझ्या नवऱ्याबरोबर खेळायचा तो, आणि माझा नवरा आता आजोबा झालाय — म्हणजे मी आजी, पण हे कुठे बोलू नका, गिऱ्हाइकं तुटतील. तिसरा, पहिल्या बेसवर उभं राहायला आणलाय तो अमेरिकेहून. उंच आहे. बाकी काय आहे? काही नाही. उंचीच हवी होती तर नारळाचं झाड लावायचं, जेवायला तरी मागत नाही.

चौथा? चौथा माझा भाऊ. विल्किन. हा एकटाच खरा माल, बहीण म्हणून नाही सांगत — बरं, बहीण म्हणूनच सांगते. पण त्याचं अजून पक्कं नाही. शॉर्टस्टॉपच्या जागेवर चेंडू अडवायला त्यांना बावीसच्या आतला पोरगा हवाय, घडवायला, आणि हा एकवीस, तर राजधानीहून कोणी टायवाला येणार आहे कागद तपासायला. येऊ दे. बसमधून उतरला की ओळखेन मी, मला माणूस लगेच कळतो. कागद बघून काय समजणार त्याला, पोराचे हात बघ म्हणावं. जन्मला तोच मोठ्या वादळात. पत्र्याचं छप्पर उडालेलं, आई मोरीत, मी त्याला पहिल्यांदा उचललं तर त्याने माझी वेणी जी पकडली ती सोडेचना. तेव्हाच म्हटलं, याच्या हातून चेंडू सुटायचा नाही. हो, तेच वादळ, चर्चची घंटा गल्लीत येऊन पडली ते. आम्ही इथे सगळे वाढदिवस वादळावरच मोजतो, कुणालाही विचारा, साल सांगेल —

काय लिहिलंत?

नाही, सहज विचारते. सव्वीस. सव्वीस काय?

ते वादळ नव्हे हो. त्यानंतर पाच वर्षांनी एक आलं होतं, बारकं. छप्पर तेव्हाही उडालं, आमचं छप्पर दरवेळी उडतं. घंटा — घंटेचं मला नक्की आठवत नाही. वेणी होती.

तुम्हाला टाय नाही लावायला सांगत वाटतं.

ऐका. जन्मनोंदणीच्या कचेरीत मी गेले होते. तो नाही. मनगट मोडून दोन वर्षं घरात बसला होता, भिंतीकडे तोंड करून. तेवढीच दोन परत मागायला गेले मी. कारकुनाने विचारलं, वय किती वर्षांनी कमी करू, आणि माझ्या तोंडून पाच निघालं. सांगितलं ना, जीभ. तर लिहायचंच असेल तर तिथे माझं नाव लिहा, निउर्का. त्याचं खोडा.

उठताय कुठे? अर्ध्या डोक्यावर रोलर, अर्धं ओलं, अशा राजधानीच्या बसमध्ये बसणार? बसा. वही मिटा. ड्रायर लावते आता, त्याच्याखाली काही ऐकू येत नाही, आणि मलाही आज आणखी काही बोलायचं नाही.