उजव्या हाताची पिशवी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, उपचार केंद्रातली डॉक्टर मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे व्यायामाच्या चेंडूंवर बसलेले पालकहो, सर्वांना नमस्कार. मी धंद्याने शिंपी. मापं तोंडपाठ असतात, भाषण नाही. सांभाळून घ्या.

आज निवृत्त होणाऱ्या, मुलांना व्यायाम देणाऱ्या आमच्या ताईंविषयी चार चांगले शब्द बोला, असा संयोजकांचा आग्रह आहे. बोलतो. पण आधी तक्रार.

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी. डावा हात कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट मिटलेली. जमेल तेवढं उजव्यानेच उरकायची. तिची आई सारखी एकच विचारायची, "आपण नसलो की हिची बटणं कोण लावणार?" घरात शिंपी असून या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

ताई तिच्या मागे चटईवर बसायच्या. खांदा धरायचा, मनगट हलक्या हाताने सैल करायचं, मग एकेक बोट उलगडायचं. पोरगी रडली की म्हणायच्या, "रड हो खुशाल, पण हात इकडे दे." एक दिवस मला म्हणाल्या, "चांगल्या हाताला दंडापर्यंत पिशवी शिवा. तो अडकला की हा कामाला लागेल."

शिवली. दंडाशी वेलक्रोची पट्टी लावली. पोरीने ती काढून फेकली. ताई म्हणाल्या, "बटण लावून बघा." लावलं. काही दिवसांनी तेही निघालं. "आता नाडी बांधा." तीही सुटली. आता सांगा, इतक्या वर्षांत ज्याच्या शिवणीला कोणी नाव ठेवलं नाही, त्याने किती ऐकून घ्यायचं?

शेवटी माझा पारा चढला. म्हटलं, "ताई, माझं काम पसंत नसेल तर दुसरा शिंपी बघा!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "उजवा हात पिशवीत. तुम्ही कोणी सोडवत नाही. मग हे काढतं कोण?"

अध्यक्ष महोदय, मी तिथेच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. ताई म्हणाल्या, "रडा हो खुशाल, पण उद्या बक्कल लावून आणा."

ताई, तुमचे आभार कोणत्या मापात मानायचे ते मला कळत नाही. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात कुठे टाका चुकला असेल तर पोटात घाला. आणि आणखी एक चूक पोटात घाला. ताईंसाठी भेटवस्तू घेऊन माझी लेक आता व्यासपीठावर येते आहे. तिच्या फ्रॉकची बटणं एका काजाने चुकली आहेत. शिंप्याच्या घरी हे शोभत नाही, मान्य आहे.

पण ती तिने स्वतः लावली आहेत. कृपया कोणी नीट करायला उठू नये.