कॅनच्या जागी नारळ

तुम्ही हसाल, पण माझं डोकं अजून तापलेलं आहे. मालवणातून लडाखला मोटारसायकलवर जायचं, तर मागे बसायला कोण? आमचा बाबल्या! सगळे घाट चढून झाले, पँगाँग तलाव समोर निळाशार दिसायला लागला आणि गाडी बंद. पेट्रोल संपलं.

मी म्हटलं, "कॅन काढ."

"कॅन लेहाक ठेवलंय. नारळाक जागा नाय होती."

"नारळ कित्याक रे?"

"वाटेत अडचण इली तर गाऱ्हाणा घालूक!"

अरे, अडचण तूच आणलीस ना! पण मी ओरडेपर्यंत ह्याने रस्त्याकडेला नारळ ठेवून हात जोडलेसुद्धा. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां परमुलखात अडाकली आसत..." आणि दर वाक्याला थांबून माझ्याकडे बघतो! गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हटल्याशिवाय मालवणी माणसाला राहवतं का? दातओठ खात म्हणत राहिलो.

शेवटी ह्याने काय म्हणावं? "आणि ह्या माझ्या दोस्ताक निघण्याआधी सामान तपासूची अक्कल दी रे म्हाराजा!"

आणि मी गाढव, हात जोडून मोठ्याने, "होय म्हाराजा!"