पेनाची जमीन

सन्माननीय अध्यक्ष पुंडलिकराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते नायब तहसीलदार दत्तोपंत, आणि सेलूकर बंधुभगिनींनो,

दत्तोपंतांची सचोटी मी काय वर्णावी? मालगुजारांची जमीनदारी गेली, त्यांची पडीत जमीन सरकारकडे आली आणि ती भूमिहीनांना वाटायचं काम यांच्या गळ्यात पडलं. यांनी भर चौकात चिठ्ठ्या काढल्या. कोणाच्या घरचा चहा घेतला नाही. माझ्याही घरचा नाही, आणि ही आमच्या मंडळींची तक्रार अजून मिटलेली नाही.

पण गुणगान करताना एक गोष्ट घशाशी अडकते, ती बोलू द्या. डोंगराच्या कडेला गोंडांचं पेनठाणं होतं, म्हणजे त्यांच्या देवाची, पेनाची जागा. ऐनाचं जुनं झाड आणि भोवती मोकळं रान. मालगुजारानेही तिथे कधी नांगर घातला नव्हता. मोजणीच्या दिवशी मी पंच होतो. तिथला पुजारी चिंधू मडावी. साहेब त्याला कळवळून म्हणाले, "तुझी वहिवाट आहे एवढंच म्हण. जमीन तुझ्या नावे करतो."

"माही कशी म्हनू जी?" चिंधू म्हणाला. "पेनाची व्हय. आमी निस्ती राखन करतो. आपली म्हनली तं पेन कोपन."

आता साहेबांनी काय करावं? देवळातल्या देवाला पंच असतात, कागद असतात. झाडातल्या देवाला कोण? जागा पडीत ठरली. चिठ्ठी निघाली नत्थूची. तोही भूमिहीन, घरात खाणारी तोंडं सात. त्याने ऐन तोडला, ज्वारी पेरली. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दत्तोपंतांनी वर लिहून पाहिलं. वाटप नियमाप्रमाणेच झालं, असं उत्तर आलं. आणि ते खरंच होतं, हेच तर दुःख आहे.

मघाशी येताना चिंधू दाराशी भेटला. आत चल म्हटलं, तर आला नाही. म्हणाला, "गुरुजी, साहेबाले एक इचारा. त्याइची बदली झाली तं सरकारानं दुसरं गाव देलं. आमच्या पेनाले हटवलं, त्याले कोनतं गाव देलं? तेवढं सांगून जा म्हना. आमी तिथं पूजेले जाऊ."

त्याचा निरोप मी पोचवला. आपण माझं बोलणं गोड मानून ऐकलंत, आभारी आहे. शुभप्रसंगी अधिकउणं निघालं असेल तर पोटात घाला. दत्तोपंत, आता तुम्ही बोलायला उभे राहाल. चिंधू अजून दाराशीच आहे.