दहा तोळे लाख

१९६१ साल, घाटंजीचा बाजार. सोनाराच्या ओट्यावर मी माझ्या पाळीची वाट पाहत होतो. माझ्यापुढे तांड्यावरची मानीबाई होती. तिच्या पायातल्या चांदीच्या पोकळ तोड्यांपैकी एक चेपला होता; दुसरा अजून पायातच होता. मागच्या बाजारी सोनारानं तो उघडून चेप काढून दिला होता. पुन्हा चेपू नये म्हणून आज आत वितळवलेली लाख ओतायची होती.

"सहा तोळे लाख लागीन, मानीबाई."

"दहा लागते, घनश्यामभाऊ. मी घरून आनली, आमच्या पळसाची."

"सोनार मी हाव का तू?"

"सोनार तुमीच. पन मी तोड्यात पानी भरून पाह्यलं. आठ तोळे मावलं."

"पानी येगळं, लाख येगळी."

"तेच सांगून राह्यली. लाख थंडी झाली का खाली बसते. म्हनून दोन तोळे वरून."

"सहात दोन्ही तोंडं बंद होते, बाई."

"अन् मधात पोकळ राह्यते. परवा पोरीचं लगन हाय, जोडी तिलेच देनार. सासरी तोडा चेपला त लोक मले हसतीन. तुमी उघडला तवा जुनी लाख कुठं होती?"

"तोंडाशीच होती. कोन्या येड्यानं भरला होता, काय मालूम!"

"तुमच्या बापानं. याच ओट्यावर, माह्या लग्नात. ते बी सहा तोळेच म्हने."

घनश्यामनं शेगडीत कोळसे टाकले. तिची दहा तोळे लाख तोलून घेतली.

"मानीबाई..."

"काय जी?"

"पायातला दुसरा बी काढ."