पान सतरावरचा रिमोट

सभाध्यक्ष माननीय शालिकरामजी टाले, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या सायकल मंडळाचे मावळते अध्यक्ष खुशालराव इंगोले, चिटणीस साधनाताई, आणि अकोला, अमरावती, दर्यापूर, बाळापूर इथून काही सायकलवर तर काही गाडीत बसून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी भावना खंडारे. शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, कामाने ड्रोन पायलट. सहा वर्षं मंडळाच्या शर्यतींचं आकाशातून चित्रण मी केलं. जानेवारीत मंडळाने मला यादीतून काढलं. तरी आज बोलायला बोलावलं, कारण आत्ता तुम्ही पाहिलेली चित्रफीत माझ्या कॅमेऱ्याची आहे. मंडळाचा हा मोठेपणा मी विसरणार नाही.

निरोपाच्या दिवशी चांगलं बोलावं, अशी रीत आहे. तर बोलते. मुलींची वेगळी शर्यत खुशालरावांनी सुरू केली. पहिल्या वर्षी चार मुली होत्या, यंदा एकसष्ट. दर्यापूर रस्त्यावरचे खड्डे बुजवताना ते स्वतः घमेलं उचलत होते, हे मी वरून पाहिलेलं आहे. हे खरं आहे. आज खरं तेवढंच सांगायचं ठरवून आले आहे.

उद्यापासून खुशालराव राज्य संघटनेच्या सुरक्षा समितीवर जात आहेत. म्हणून सुरक्षेबद्दल दोन शब्द. सायकलच्या शर्यतीत ड्रोन कुठे असावा? रस्त्याच्या बाजूला, शेताच्या वर. स्वारांच्या डोक्यावर कधीच नाही. तीस मीटरच्या खाली नाही. नजरेआड नाही. आणि रिमोट परवाना असलेल्याच हातात. यात अवघड काय आहे? काहीच नाही.

पण आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचं उद्घाटन होतं. बोअरच्या मोटारीचं होतं, पाणपोईचं होतं, मग ड्रोनने काय घोडं मारलं? दर वर्षी खुशालराव ड्रोनला कुंकू लावायचे, हार घालायचे, आणि रिमोट हातात धरून फोटो काढायचे. मी पंखे बंद ठेवायची, ड्रोन जमिनीवर ठेवायची, फोटो झाला की हार काढायची आणि मग काम सुरू करायची. पाच वर्षं कोणाला काही झालं नाही.

यंदा दर्यापूरला पाहुणे उशिरा आले. उद्घाटन राहून गेलं. शर्यत संपत आली, ड्रोन हवेत होता, तेव्हा खुशालराव मांडवातून उठून माझ्याकडे आले. "आण इकडं. नुसता हात लावतो, फोटोपुरता." मी रिमोट दिला. थोड्या वेळाने म्हटलं, "काका, आता द्या. मुली दिसायला लागल्या." ते म्हणाले, "थांब ना वं बाई. जिंदगीभर ट्रॅक्टर चालवला, हे खेळणं काय चीज हाय? माह्या बॅनरसंग पोरीचा फोटो येऊ दे."

बॅनर कमानीच्या खांबाला होतं, रस्त्यापासून तीन मीटर उंच. ड्रोन तीस मीटरवरून तिथे आला. नऊ सेकंद लागले. सगळ्यात पुढे होती बाळापूरची आचल निमकर्डे. समोरून फिरते पंखे अंगावर आले तर तुम्ही काय कराल? तिनेही तेच केलं. हँडल वळवलं आणि पडली. खांद्याजवळचं हाड मोडलं.

मांडवात शंभरेक माणसं होती. सगळी मुलींकडे पाहत होती, निदान नंतर सगळ्यांनी तसं सांगितलं.

मंडळाचा अहवाल माझ्यापाशी आहे, दोन ओळी वाचते. "स्वार क्रमांक चौतीस हिने धोकादायकरीत्या मार्ग सोडला. ड्रोनचालक भावना खंडारे यांचे नियंत्रण सुटले." खाली सही, खुशालराव इंगोले. या अहवालावर आचलला दोन वर्षांची बंदी झाली. राज्य निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. बंदी संपेल तेव्हा तिचा वयोगट संपलेला असेल.

तिचे वडील नत्थुजी तिच्यासोबत इथे मागे बसले आहेत. आपल्या मळ्याचा भाजीपाला ते बाळापूरच्या बाजारात विकतात. अपघातानंतर ते अकोल्याला, जुन्या शहरातल्या माझ्या घरी आले. भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "मॅडम, माही पोरगी सरळ चालून राह्यली होती. मंग सायकल वाकडी घेतली काहून? तुमी तं वरतून पाहून राह्यल्या होत्या." ते गेल्यावर मी ड्रोनची नोंद काढली.

ड्रोन प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतो. उंची, वेग, रिमोटवरचा दाब. ती नोंद घेऊन मी खुशालरावांकडे गेले. त्यांनी पाहिली, हसले, म्हणाले, "तुही मशीन, तुहा गुन्हा. माहा अंगठा दिसते का याच्यात?" त्यांचं बरोबर होतं. नोंदीला अंगठा ओळखता येत नाही. म्हणून आठ महिने मी गप्प राहिले.

मागच्या आठवड्यात साधनाताईंनी गौरव अंकाची कच्ची प्रत माझ्याकडे पाठवली, फोटो नीट लागलेत का पाहायला. तो अंक तुमच्या सगळ्यांच्या हातात आहे. कृपया पान सतरा उघडा. अध्यक्षांच्या हातात रिमोट. खाली ओळ, "काळाबरोबर चालणारे नेतृत्व." त्यांच्या मागे कमान, कमानीवर घड्याळ. वेळ वाचा. नऊ वाजून बेचाळीस मिनिटं, अठरा सेकंद. ते घड्याळ त्या दिवशी सकाळी मीच उपग्रहाच्या वेळेशी जुळवलं होतं. आणि ड्रोनची नोंद सांगते, तो खाली यायला लागला नऊ बेचाळीस चौदाला, आणि तीन मीटरवर पोहोचला तेवीसला.

हा फोटो खुशालरावांनी स्वतः निवडला. मी साधनाताईंना कळवलं की सगळं बरोबर आहे, फक्त पान सतरा जरा चांगल्या कागदावर छापा. छपाई खरंच सुंदर झाली आहे. सेकंदसुद्धा वाचता येतात.

साधनाताई, तुमची चिठ्ठी मिळाली. "आवरतं घ्या" असं लिहिलं आहे. आवरते.

काका, पाणी घ्या. घाई नाही. तुम्ही "तुले दाखवतो" म्हणालात, ते माइकमध्ये आलं. दाखवा, पण आधी हे पाहा. अहवाल दुरुस्त करण्याचा अधिकार ज्याने सही केली त्यालाच असतो, आणि तुमचा पदभार ही सभा संपेपर्यंत आहे. हे पत्र सभाध्यक्षांच्या समोर ठेवते. तीन वाक्यं आहेत, तुमच्या तोंडची. रिमोट माझ्या हातात होता. आचल निमकर्डे हिचा दोष नाही. बंदी उठवावी. सही नको असेल तर तेही चालेल. मग पान सतरा आणि ही नोंद मी तुमच्या नव्या समितीकडे पाठवेन. तिथे तुमच्या स्वागताची तयारी सुरू असेल.

मी थांबते.

शालिकरामजी, तुम्ही म्हणालात, "निरोपाची शाल मंग. आधी सही." आभारी आहे. तुमचा पेनही त्यांना दिलात, त्याबद्दलही.

काका, तारीख राहिली. आजची.

नत्थुजी, या, पत्राची एक प्रत तुमची. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात लिहिलं आहे.

सभाध्यक्षांचे, साधनाताईंचे आणि पान सतरा लक्ष देऊन पाहणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते मी मोजूनच बोलले आहे. त्याची माफी मागत नाही. माफी एकाच चुकीची मागते, आणि ती आचलकडे. त्या दिवशी ड्रोन हवेत असताना मी रिमोट दुसऱ्याच्या हातात दिला. का दिला? मोठ्या माणसाला नाही म्हणता आलं नाही म्हणून. आचल, मला माफ कर. आज "नाही" म्हणता आलं.