ताक-गुळाची फवारणी

तुम्ही विचारून राहिले म्हणून सांगतो. गेल्या साली माझ्या तिगावच्या बागेत संत्र्याची गळ सुरू झाली. रोज सकाळी झाडाखाली हिरव्या फळांचा सडा! शेजारचा वसंता म्हणे, "ताक-गूळ फवार, गळ थांबते."

मी काही एकाचं ऐकून उडी मारणारा माणूस नाही. सौंसरले साळ्याले फोन लावला. तो म्हणे, "हो भाऊजी, इकडेही तेच बोलून राहिले." पांढुर्ण्यात आमचा कापसाचा व्यापारी भेटला, त्यानंही तेच सांगितलं. तीन गावं, तीन माणसं! मी सगळी बाग फवारली.

गळ काही थांबली नाही. मुंग्या मात्र अशा चढल्या, की मजूर झाडाले हात लावेनात.

मंग मी तिघायलेही विचारलं, "तुले हे कोणी सांगितलं?" तिघायचं उत्तर एकच, पांढुर्ण्याचे नामदेव गुरुजी. रिटायर झाल्यावर त्यायनं संत्र्याची बाग लावली आहे. तणतणत त्यायच्या घरी गेलो.

"गुरुजी, ताक-गुळानं गळ थांबते, असं तुम्ही सांगितलं?"

"मी कुठं सांगितलं? मी तर भेटल त्याले विचारून राहिलो होतो, थांबते काय म्हणून! कोणाले माहीतच नव्हतं." मंग त्यायनं खुर्ची जवळ ओढली. "तुम्ही मारून पाहिलं काय? बसा न. काय झालं?"

भांडाले गेलो होतो. पण साऱ्या मुलखात याचं उत्तर आता फक्त मलेच माहीत होतं. बसलो, अन् मुंग्यांपासून सुरुवात केली.