फटीतली गार हवा

आमचं घरानं विहिरी खोदनाऱ्यायचं. मी किसन, दारव्ह्याकडच्या एका लहान गावचा. बापाच्या हाताखाली गोटा फोडाची सब्बल धरली तवा मले मिशीबी फुटली नव्हती. बाप म्हने, बाबू, गोटा वाचता आला पाह्यजे, वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषान, आनि पाषानात जिथं फट असते तिथून पानी चालते, मानसासारखं, सोपी वाट पाहून. फटीपाशी गाल नेला आनि गार हवा लागली की समजावं, हे पान्याची वाट हाये. बापाले येवढंच येत होतं, पन पक्कं येत होतं.

नारळ मी नंतर शिकलो. तळहातावर नारळ आडवा ठेवाचा, वावरात फिराचं, खाली पानी असलं की नारळ उभा होते. होते म्हंजे, काय सांगू तुमाले, करा लागते. जागा मी गोट्यावरून, झाडावरून पाह्यलेलीच असे. पन नुसतं पाहून सांगितलं तर लोक चहाबी पाजत नाईत, आनि नारळ उभा झाला की फेटा बांधतात.

फक्त वच्छलाबाईनं मले नारळ काढू देल्ला नाई. सडकेच्या खालतं बौद्धायची वस्ती, तिथली हे बाई. त्यायले विहीर पाह्यजे होती. म्हने, किसन, नाटक घरी ठेव, आमच्यात ते चालत नाई, गोटा पाहून सांग. मी जागा सांगितली, साऱ्या वस्तीनं संग खोदलं, आनि असं पानी लागलं की ज्या गावानं त्यायले आपल्या विहिरीवर चढू देल्लं नव्हतं, त्याच गावच्या बाया उनाळ्यात घागरी घिऊन तिथं येत.

मंग कापसाचे वाईट वर्षं आले. कापसाले भाव नाई, तं नवी विहीर कोन खोदते? सब्बल घरात गंजून राह्यली. तेवढ्यात सडकेच्या वरतं, वस्तीच्या वरच्या अंगाले, एका शेठनं पेट्रोल पंप काढला. मंडप, हार, पाहुने, आनि मले नारळ घिऊन बलावलं, कारन टाकीच्या खाली पानी नाई पाह्यजे. इंजिनियर साहेबापाशी नकाशा, माह्यापाशी नारळ, दोघंबी सारखेच शहाने. मी साऱ्यायच्या समोर फिरलो, नारळ पडूनच ठेवला, म्हटलं, कोरडी जागा हाये, निर्धास्त टाकी गाडा. टाळ्या वाजल्या. फेटा भेटला.

खड्डाबी मीच मानसं लावून खनला. तळाले पोचलो तं खालतीच्या कोपऱ्यात एक फट, बोट जाईल येवढी. सवयीनं गाल नेला. गार.

वरून शेठ म्हने, काहून थांबला किसनराव? ते फट वस्तीकडं जाते हे मले समजलं होतं, बापाची शप्पथ, समजलं होतं. पन वर जाऊन काय म्हनाचं, नारळ चुकला? फेटा घरी खुंटीले टांगला होता, डोक्यातून निघाला नव्हता. म्हटलं, काई नाई शेठ, घाम पुसून राह्यलो. आनि मुरमाचा गारा कोंबून फट बुजवली.

काई वर्षानं टाकी झिरपली. वस्तीच्या विहिरीत पान्यावर तेलाचे रंग, पान्याले राकेलासारखा वास. साहेब लोक आले, बाटल्या भरून नेल्या, पानी पिऊ नये अशी पाटी ठोकली. पाटीचं उद्घाटन तेवढं राह्यलं.

बाईनं निरोप धाडला, नवी जागा पाहून दे, नारळ आनू नको. गेलो. तिच्या ओसरीवर बसून सांगून टाकलं, फट, गाल, गारा, सारं. बाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मंग म्हने, नारळ चुकला हे म्हनाले किती वेळ लागला असता रे? म्हटलं, जेवढा आता लागला तेवढाच.

नवी जागा मी देल्ली नाई. खालचा सारा गोटा एकाच फटीवर हाये, कुठंबी खोदलं तरी तेच तेलाचं पानी, खोटं कितीदा सांगाचं? सब्बल भंगारात देल्ली. आता वस्तीत दिवसाआड नळ येते. मी त्या वाटेनं गेलो की बाई हाक मारते, जयभीम किसन, पानी पेतो का? तिथले लहानमोठे सारे पानी पेयाच्या आधी हुंगतात, नळाचं असलं तरी. बाईबी तांब्या आधी आपल्या नाकाशी नेते, मंग माह्या हातात देते. म्हने, पे, बरं हाये.

मी खाली पाहून पेतो.